जातो म्हणू नये

धाकटी

वाटेच्या चौकशीला सरकारी साहेब सकाळीच येणार होते, म्हणून धाकटीने आईची खुर्ची रोजच्यापेक्षा लवकर खिडकीशी सरकवली. केस विंचरले. शाल उजव्या खांद्यावरून घसरू नये म्हणून टाचणी लावली. झटका आल्यापासून उजवी बाजू आईच्या ताब्यात नव्हती.

खिडकीबाहेर वाट. एका अंगाला घराची भिंत, दुसऱ्या अंगाला हॉटेलची. समोरासमोर आलेल्या दोन माणसांना अंग चोरूनच जावं लागेल इतकी अरुंद, थेट वाळूपर्यंत उतरलेली. गावातून समुद्रावर जायला आता ही एकच उरली होती. बाकीच्या वाटा बंगल्यांनी आणि हॉटेलांनी एकेक करून गिळल्या.

"येते हं, आजी." मासेवालीने डोक्यावरची रिकामी पाटी सावरली आणि थांबली.

थांबायचं, हे धाकटीनेच सगळ्यांना शिकवलं होतं. झटक्यात आईचे सगळे शब्द गेले, एक उरला. वाचा शिकवायला येणारी बाई म्हणाली होती, उरलेल्या शब्दाला रोज पाणी घाला, नाहीतर तोही सुकेल. मग धाकटी शिवणाचं मशीन बंद करून दिवसचे दिवस वाटेवर उभी राहिली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटली: आमच्या खिडकीशी थांबा. येऊ का विचारा, येतो म्हणा. तिचं उत्तर आल्याशिवाय पुढे जाऊ नका. वेळ लागतो तिला, पण थांबा.

आईचे ओठ हलले. डावा गाल वर चढला.

"या."

"चला, परवाना मिळाला!" मासेवाली हसली. "आता दर्या काय म्हणतो बघू."

"मावशी, साहेब आले की हाक मारीन. यायचं हं."

"येते की. पण सांगायचं काय?"

"खरं ते."

"एवढंच ना? मला वाटलं काही पाठबीठ करायचंय."

तिच्या मागून पोहणं शिकवणारे मास्तर आले, खांद्यावर टॉवेल. "येऊ का, आजी?" तेही थांबले. त्यांच्या मागे सायकलवरून बर्फाच्या लाद्या नेणारा, त्याचा बर्फ ठिबकत होता तरी थांबला. धाकटीला भरून आलं. अशी माणसं असताना वाट कोण बंद करणार? खोटं बोलायला लागणार नव्हतं, भांडायला लागणार नव्हतं. फक्त खरं सांगायचं होतं, आणि खरं तर

थोरला

आपल्याच बाजूने आहे. गाडी लावून खाली वाळूवर येताना थोरल्याने हे मनात पुन्हा घोळवलं. आपण कुणाला खोटं बोलायला सांगितलेलं नाही.

मधला छपराखाली उलट्या घातलेल्या होडीच्या फटी बुजवत होता. नावा दुरुस्त करून त्याची बोटं कायमची काळी झाली होती.

"आलास?" वर न बघता तो म्हणाला. "चष्म्याचं दुकान कुणावर टाकून आलास?"

"बंद ठेवलंय. ऐक, साहेब आले की तू काही बोलू नकोस. एवढंच."

"गप्प बसायला मला वेगळं सांगावं लागतं का? आपल्या घरात थोरल्याने ठरवायचं, शेंडेफळाने रडायचं आणि मधल्याने मान हलवायची."

थोरला वाळूवर उकिडवा बसला. "वकील काय म्हणाला सांगतो. लोक वर्षानुवर्षं न विचारता जात असतील तर वाट लोकांची. तो त्यांचा हक्क. पण विचारून जात असतील तर वाट आपली. जाऊ देणं ही आपली मेहेरबानी. आणि मेहेरबानी कधीही थांबवता येते."

मधल्याचा हात थांबला. त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने हातातला डांबराचा डबा खाली ठेवला.

"धाकटीने सगळ्या गावाला विचारायला शिकवलंय."

"हो."

"तिला माहितेय, याचा काय अर्थ होतो ते?"

"तिने मला विचारलं नाही."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"मी काय करू?" थोरल्याचा आवाज चढला. "मागच्या खेपेला श्वास अडकला तेव्हा हॉस्पिटल गाठेपर्यंत निळी पडली होती ती. तू होतास ना गाडीत? माझ्या घराखाली हॉस्पिटल आहे. हे घर विकलं तर त्या पैशात तिथे तिची खोली होते. आणि वाट असेल तर हॉटेलवाला घराकडे ढुंकून बघणार नाही. त्याला समुद्रापर्यंत सलग जागा हवी. मला आई जिवंत हवी, दुसरं काही नको."

"चष्मे विकतोस आणि समोरचं दिसत नाही तुला," मधला पुटपुटला.

"तुला दिसतं ना? मग हॉटेलवाल्याने नावांसाठी पलीकडे जागा देऊ केली, तिला हो का म्हणालास?"

मधला पुन्हा फट बुजवू लागला.

थोरला वाट चढून वर आला. खिडकीशी त्याचे पाय आपोआप थांबले. लहानपणी घरातून निघताना तो वात्रटपणे "जातो" म्हणायचा आणि आई त्याला कोपऱ्यावरूनही परत बोलवायची: जातो म्हणू नये. येतो म्हण. त्यापायी एकदा परीक्षेची बस चुकली होती. परीक्षा बुडाली, पण "येतो" म्हणूनच निघावं लागलं.

"आलो, आई," तो म्हणाला.

"या," आई म्हणाली. पोटच्या पोराला, बर्फवाल्याला आणि भटक्या कुत्र्याला ती एकाच आदराने बोलवत होती, आणि आतून कपबशांचा आवाज येत होता, म्हणजे

वहिनी

स्वयंपाकघरात शिरली होती. कपाचा कान तुटलाय का, प्रत्येक कप उलटा करून बघत होती.

"वहिनी, तू बस गं. प्रवासातून आलीस."

"बसूनच आले. गाडीत काय उभी होते?" थोड्या वेळाने ती म्हणाली, "लोक काय सांगणार आहेत?"

"सगळे तयार आहेत. एकेक माणूस सोन्यासारखा. खिडकीशी किती अदबीने थांबतात, तू बघितलं नाहीस. हॉटेलवाला ओरडतोय ना, लोक धुडगूस घालतात म्हणून? आज साहेबांना कळू दे, आईला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही कोणी."

वहिनीने साखरेचा डबा उघडला. झाकण लावलं. पुन्हा उघडलं.

"विचारतो, असं नाही म्हटलं तर? नुसतं बोलतो म्हटलं तर?"

"का?"

एक वाक्य. वकिलाच्या टेबलापलीकडे ती नवऱ्याशेजारी बसली होती, सगळं ऐकलं होतं तिने. एक वाक्य बोललं की झालं. पण ते कुणासाठी बोलायचं, हे तिला आधी ठरवायचं होतं. पाचव्या मजल्याच्या खिडकीखालून कोण जाणार? कबुतरं. दिवसभर सासूबाई आणि मी. एक शब्द आणि मी. नवरा दुकानात. म्हातारीचे हाल होतील म्हणून वाट राहावी असं वाटतं, की माझे हाल होतील म्हणून? दोन्ही धागे एकमेकांत असे गुंतले होते की सोडवायला थोडा निवांतपणा हवा होता. स्वार्थासाठी नवऱ्याच्या विरुद्ध जायचं तिला जमलं नसतं. सासूसाठी जमलं असतं.

"सहज विचारलं," ती म्हणाली.

"तू पण ना! घाबरतेस उगीच." धाकटीने तिच्या दंडाला हात लावला. "आईला तुमच्याकडे नेऊ नका, एवढंच दादाला सांग तू. तुझं ऐकतो तो."

"माझं? त्यांनी माझं शेवटचं ऐकलं, तेव्हा आमचं लग्न ठरायचं होतं."

दोघी हसल्या. बऱ्याच दिवसांनी एकत्र हसल्या. वहिनी त्या हसण्याच्या आडोशाने बोलणारच होती, तोंड उघडलंही होतं, तेवढ्यात बाहेरून आवाज आला:

"येऊ का आत?"

साहेब

साहेब चांगले होते. बूट बाहेर काढले, आजींना नमस्कार केला, चहा घेतला. मग आईच्याच खोलीत बसून एकेकाला बोलावलं.

— या वाटेने कधीपासून जाता?

— जन्मल्यापासून म्हणा ना, साहेब. आई पाटी घेऊन जायची, मी तिचं बोट धरून.

— कुणी अडवलं?

— छे!

— मग न विचारताच जाता?

— न विचारता? (मासेवाली दुखावते.) साहेब, आम्ही मासे विकतो, अक्कल नाही विकली. आजीला विचारल्याशिवाय एक पाऊल नाही.

— आणि आजी नको म्हणाल्या तर?

— तर नाही जाणार! त्यांचं घर, त्यांची भिंत. पण नको म्हणणार नाहीत त्या. मोठं मन आहे.

— बरं. पुढे कोण? मास्तर, तुम्ही?

— मी शिकवणीच्या पहिल्याच दिवशी मुलांना सांगतो. पोहायला नंतर शिका, आधी आजींची परवानगी घ्यायला शिका.

— परवानगी. हाच शब्द वापरता?

— अर्थात. शिस्त म्हणजे शिस्त.

— वाटेला काही नाव?

— आजीची वाट. सगळे तेच म्हणतात.

— आजीची.

— हो, आजीची.

— बर्फवाले, तुम्हीही विचारता? कधीपासून?

— पहिल्यापासून, साहेब.

"पहिल्यापासून कुठे?" धाकटी उठून उभी राहिली. मास्तरांनी "परवानगी" म्हटलं आणि साहेबांचं पेन थांबून पुन्हा चाललं, तेव्हाच तिला खटकलं होतं. "काका, पहिल्यापासून नाही! आईला झटका आल्यावर. त्याआधी तुम्ही घंटी वाजवत सुसाट जायचात. आई ओरडायची, पोरं मरतील म्हणून!"

बर्फवाला गोरामोरा झाला. "असं चारचौघांत काय, ताई. तेव्हाही मान लववायचो की मी."

"साहेब, मी सांगितलं म्हणून थांबतात हे. मी सांगितलं, विचारल्याशिवाय जाऊ नका."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. पुढचा प्रश्न विचारायला त्यांना बरं वाटत नव्हतं, हे दिसत होतं.

— म्हणजे घरच्यांनीच तसा नियम घातला होता?

— नियम नाही हो! तिला बोलता यावं म्हणून!

— पण लोकांनी तो पाळला.

— पाळला.

खोलीत सगळेच एकमेकांकडे बघू लागले. आपण काय चुकलो हे मासेवालीला कळत नव्हतं. चुकलो एवढंच कळलं होतं. थोरला जमिनीकडे बघत होता. वहिनी दारात, हातात रिकामा ट्रे. आणि तेव्हा भिंतीला टेकून बसलेला, ज्याने बोलायचं नाही असं ठरलं होतं तो

मधला

मान खाली घालूनच म्हणाला, "खडूस कधी विचारत नाही."

थोरल्याने झटकन वर पाहिलं. मधल्याने पाहिलं नाही. पलीकडची नावांसाठीची जागा त्याच्या डोळ्यांसमोर होती, चांगली प्रशस्त, वर पत्रा घातलेली. ती हातची जाताना त्याला दिसली. जाऊ दे, असं वाटलं.

धाकटी चपला न घालता धावली.

खडूस म्हणजे बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेला म्हातारा. रोज सकाळ-संध्याकाळ कुत्रं घेऊन वाटेने जायचा, खिडकीकडे ढुंकूनही न बघता. धाकटीने त्यालाही हात जोडले होते. तो म्हणाला होता, "विचारू? का विचारू? रस्ता तुझ्या बापाचा आहे?" ती घरी येऊन रडली होती. आजच्या साक्षीला तिने सगळ्या गावाला बोलावलं होतं, या एकाला सोडून. आणि आता तिला त्याच्या तोंडून तेच एक वाक्य हवं होतं. तसंच, तेवढ्याच उर्मटपणे.

तो आला. धापा टाकत, कुत्र्याची दोरी हाताला गुंडाळून. रस्त्यात धाकटीने काय काय सांगितलं असेल कोण जाणे. अर्धं रडण्यात गेलं असणार.

"काय भानगड आहे?" तो दारातूनच गुरगुरला. मधल्याला बरं वाटलं. हाच आवाज हवा होता.

मग त्याने खुर्चीकडे पाहिलं. इतकी वर्षं तो खिडकीबाहेरून ताडताड गेला होता. आई इतकी वाळली आहे, तिचा हात असा मांडीवर ठेवल्यासारखा पडून असतो, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. आणि आईने त्याला पाहिलं. तो नेहमी तिचे ओठ हलायच्या आत निघून जायचा. आज तो उभा होता.

"या," आई म्हणाली.

खडूसने डोक्यावरची टोपी काढली.

— या वाटेने जाता ना तुम्ही? साहेबांनी विचारलं.

— जातो.

— यांना विचारून?

"खरं सांगा, काका," धाकटी म्हणाली. "मला सांगितलं होतंत ते सांगा."

म्हाताऱ्याने टोपी हातात फिरवली. कुत्रं आईच्या पायाशी जाऊन बसलं होतं.

"विचारून," तो म्हणाला. "नाहीतर काय? मी काय जनावर आहे?"

आई

साहेब खुर्ची ओढून तिच्याजवळ आले. कानाशी वाकून, सावकाश, लहान मुलाला विचारावं तसं नव्हे, मोठ्या माणसाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "आजी, ही वाट तुमची की लोकांची?"

(लोकांची. मी या घरात आले तेव्हाही लोक जात होते. मीच त्यांच्या वाटेवर राहायला आले.)

"या."

"म्हणजे तुम्ही त्यांना या म्हणता. येऊ देता."

(देणारी मी कोण? निघालेल्या माणसाला या म्हणतात. परत या, असं. सुखरूप या. बोटीवर जाणाऱ्याला म्हणतात, शाळेत जाणाऱ्याला म्हणतात. ती काय परवानगी असते? बाहेर पडलेलं माणूस परत यावं म्हणून म्हणायचं असतं. तुम्हाला तुमच्या आईने सांगितलं नाही?)

"या. या."

"दमू नका, आजी."

(त्या पोरीला रडू देऊ नका. तिने काही चूक केली नाही. थोरल्याला पण बोलू नका. तो लहानपणापासून भित्रा आहे, माझ्या मरणाला भितो. मधला बोलला आज, ऐकलंत ना? बोलला.)

"या!"

आईचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला. डोळ्यांतून पाणी आलं. वहिनीने ट्रे खाली ठेवला, येऊन तिचं तोंड पुसलं, आणि कुणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी सांगायला हवं होतं." धाकटीने ऐकलं.

साहेबांनी कागद आवरले. बूट घातले. एकदा वाट बघून येतो म्हणाले, आणि बाहेर पडल्यावर खिडकीशी आले. सवय नसलेला माणूस, पण सगळ्या गावाचं ऐकून तेही थांबले. त्यांनाही वाईट वाटत होतं.

"येतो, आजी."

उत्तर येईपर्यंत ते उभे राहिले.

फाटक

लोखंडी, हिरवं, दोन्ही टोकांना एकेक. निकालाचा कागद आधी आला, फाटकं नंतर. घराचा व्यवहार व्हायला अजून वेळ होता, तोवर आई इथेच राहणार होती आणि थोरला दर सुट्टीला येत होता.

खडूस कुत्र्याला घेऊन आता गावाला वळसा घालून, हमरस्त्याने जायचा. मासेवालीने समुद्र सोडला. बाजारातून विकत घेऊन विकू लागली. मधला नव्या छपराखाली गेला नाही. जुन्याच जागी होडीने जायचा, होडीने यायचा, आणि थोरल्याशी बोलत नव्हता.

आई वाट बघत बसायची. पहिले काही दिवस ओठ हलत. मग तेही थांबलं. वाचा शिकवणारी बाई येऊन गेली. जाताना धाकटीच्या पाठीवर हात फिरवला.

"ती बोलत का नाही?" थोरल्याने विचारलं.

"कुणाशी बोलेल?" वहिनी म्हणाली. ती आता त्याच्याकडे न बघता बोलायची. "एवढं वाटत असेल तर जा ना तुम्हीच त्या वाटेने."

त्याच्याकडे किल्ली होती.

तो वरचं फाटक उघडून आत शिरला. वाटेत गवत उगवलं होतं. खिडकीशी थांबला. आत आईचा चेहरा, मागे शिवणाच्या मशीनची घरघर.

"येतो हं, आई."

आईने पाहिलं. तो थांबला, सगळे थांबायचे त्याहून जास्त वेळ. मग वाळूकडच्या फाटकापर्यंत गेला, हात लावला, परत आला.

"आई, येऊ का?"

काही नाही. पुन्हा खाली गेला. पुन्हा आला. शर्ट पाठीला चिकटला. चौथ्या-पाचव्या खेपेला मशीन थांबलं आणि आतून धाकटीचा आवाज आला. कागद आल्यापासून ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होती.

"दादा, ती पावलं ओळखते. तू कुठेच जात नाहीयेस, हे कळतं तिला. मग कशाला या म्हणेल?"

मशीन पुन्हा सुरू झालं.

थोरला भिंतीला हात टेकून उभा राहिला. समुद्राचा आवाज येत होता. फाटकाच्या सळ्यांतून थोडा दिसतही होता. मग त्याला एक सुचलं. सुचलं तसा तो ताठ झाला, तोंडावर लहानपणीचं काहीतरी आलं.

"आई," तो मोठ्याने म्हणाला, "जातो मी."

मशीन थांबलं.

त्याने मुद्दाम पाठ फिरवली. पूर्वी ती कोपऱ्यावरूनही परत बोलवायची. तो चालू लागला. हळू, जितकं हळू चालता येतं तितकं, सगळं अंग कान करून.

फाटक आलं.